कम्प्युटर स्लो झाला? ‘डिसेबल ऑल’ दाबायच्या आधी हे वाचा

“भाऊ, लॅपटॉप लय हँग होऊन राहिला.” आमच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य. बहुतेकदा मशीन ठणठणीत असतं, विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये दोन-तीन बदल केले की भागतं. ते घरीही जमतात, म्हणून हा कागद.

आधी रीस्टार्ट. “आम्ही तर रोज शटडाउन करतो,” असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असतं. पण विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बहुतेक मशीनवर आधीपासूनच चालू असतो. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, तिथे परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि ‘अप टाइम’ (मशीन किती वेळ न थांबता चालू आहे ते) बघा. वीस-वीस दिवस निघतात. आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्टच करा.

मग टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ची यादी उघडा. मीटिंग, गेम, गाणी असली जी अ‍ॅप सकाळी लागत नाहीत ती डिसेबल करा. अ‍ॅप उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरसला हात लावू नका. (दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा.)

आता ज्यासाठी हे छापलं ते. व्हिडिओ बघून लोक ‘एमएसकॉन्फिग’ ही विंडोजच्या सेटिंगची खिडकी उघडतात, ‘सर्व्हिसेस’मध्ये (पडद्यामागे चालणाऱ्या कामांच्या यादीत) जातात आणि ‘डिसेबल ऑल’ दाबतात. खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ची छोटी चौकट असते, तिथे टिक करायची राहून जाते. रीस्टार्टनंतर वायफाय नाही, आवाज नाही, प्रिंटर नाही, कधी लॉगिनचा पिनही चालत नाही. मग सेफ मोडला (मोजक्या गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजला) जावं, तर नवे लॅपटॉप डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो.

दुसरा प्रकार एमएसकॉन्फिगच्याच ‘बूट’मधल्या ‘मॅक्सिमम मेमरी’चा. तिथे टिक केल्याने रॅम वाढत नाही, उलट तिच्यावर मर्यादा बसते. आकडा फार कमी पडला तर विंडोज सुरूच होत नाही. ती चौकट रिकामीच बरी.

“पाच मिनिटांचं काम, एवढे पैसे?” असं कोणी म्हटलं की आम्हाला वाईट वाटतं. आधी काय चालू होतं आणि काय बंद, हे माहीत नसलं की एकेक सर्व्हिस तपासावी लागते, अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून एक विनंती: काहीही बदलण्याआधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. आणि एका वेळी एकच बदल करा. फोटो असला तर आम्ही खरोखर पाच मिनिटांत सोडतो, पैसेही तितकेच घेतो.

उन्हाळ्याचं वेगळं. पारा ४५ ला गेला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तिथे सेटिंग काय करणार? लॅपटॉप गादीवर ठेवू नका, आणि कूलरच्या झोतात तर अजिबात नको. ओल्या हवेने आतली धूळ चिकटून बसते. मार्चमध्ये एकदा आतून सफाई करून घ्या, मे महिन्यात आमच्याकडे रांग असते.

एवढं करूनही काहीच न चालवता टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर सेटिंगमागे वेळ घालवू नका. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. डेटा आणि टॅली जसंच्या तसं नव्या डिस्कवर आणून देतो. जुनी डिस्क चालू असली तर केसमध्ये घालून बॅकअपसाठी परत. नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी एकदा विचारून जा, तपासणीचे पैसे घेत नाही.

येताना चार्जर, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि तो फोटो, तिन्ही घेऊन या.