बिझनेस डिस्ट्रिक्टमधला शुकशुकाट

मोठ्या शहरात जिथे नुसती ऑफिसंच ऑफिसं असतात तो भाग दिवसा एवढी गर्दी होऊनही आजूबाजूच्या वस्तीइतका जिवंत वाटत नाही, मुंबईत नरिमन पॉइंट आणि बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स म्हणजे बीकेसी ही त्याची ठळक उदाहरणं. माणसं कमी असतात असं अजिबात नाही. सगळी एकाच वेळी एकाच कामासाठी येतात आणि एकदमच निघून जातात, खरी गोम तिथे आहे.

नरिमन पॉइंट म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेली जमीन, १९७० च्या दशकात तिथे टॉवर उभे राहिले, एअर इंडियाची बिल्डिंग १९७४ ची. सकाळी चर्चगेटला शेअर टॅक्सीची लाइन, दुपारी सँडविच-डोसावाल्याकडे उभं राहायला जागा नाही, आणि रात्री आतल्या रस्त्यांवर वॉचमन सोडून फारसं कोणी नाही. पण दोन मिनिटांवर मरीन ड्राइव्हचा कट्टा, तो मात्र उशिरापर्यंत भरलेला! कारण तिथे बसायला कुणाचं आयकार्ड लागत नाही.

बीकेसीचं तर प्लॅनिंगच तसं झालंय. दक्षिण मुंबईवरचा भार कमी करायचा म्हणून हे उभं केलं, १९७७ पासून नियोजन एमएमआरडीए म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. रुंद रस्ता, मग कंपाउंड, मग गेट, मग बॅग तपासणारी सिक्युरिटी, आणि मग कुठे ती काचेची बिल्डिंग. फुटपाथवरून चालत राहा, बाजूला नुसती भिंत, चपलेचा अंगठा तुटला तर चांभार सापडायचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ आली, येणंजाणं नक्कीच सोपं झालं, पण संध्याकाळी तिथे रेंगाळायला कारण काही मिळालं नाही, मॉल आणि महागडी रेस्टॉरंट आहेत ती सगळी एसीच्या आत.

याउलट गिरगावात खाली दुकान, वर बिऱ्हाड. सकाळी दूधवाला, मग शाळेची पोरं, दुपारी खानावळ, संध्याकाळी भाजी आणायला निघालेल्या मावशी, रात्री जेवण झाल्यावर नाक्यावर गप्पा मारणारे, म्हणजे दर दोन तासांनी रस्त्यावरची माणसं बदलतात पण रस्ता रिकामा होत नाही.

म्हणून नुसती बाकडी, कारंजी आणि रंगीत लाइट लावून काही होणार नाही. तळमजल्यावर परवडणाऱ्या भाड्यात छोटी दुकानं पाहिजेत, फेरीवाल्यांना हक्काची जागा पाहिजे आणि साध्या पगारदाराला घेता येतील अशी घरं पाहिजेत, कारण कोट्यवधींचे फ्लॅट बांधले तर तिथला माणूस लिफ्टने थेट पार्किंगमध्ये उतरतो आणि गाडीतूनच बाहेर पडतो.