खांबावरची ब्लूटूथ पेटी आणि न सुटलेला संमतीचा प्रश्न

गोरेगाव किंवा बीकेसीच्या प्रदर्शनात आज दारातच क्यूआर कोडचा फलक असतो. त्याआधी, साधारण २००४ ते २०१० या काळात, पाहुण्यांच्या फोनवर ब्लूटूथने थेट अ‍ॅप धाडण्याची पद्धत होती.

तेव्हा मोबाईलवरच्या इंटरनेटचे पैसे केबी मोजून कापले जात. तीनशे केबीचा जावा गेम उतरवायचा तरी आधी बॅलन्स पाहावा लागे. ब्लूटूथला बॅलन्स लागत नव्हता. म्हणून लोकलच्या डब्यात रिंगटोन, गाणी, जार फाइली (जावा अ‍ॅपच्या फाइली) या फोनमधून त्या फोनमध्ये जात. जाहिरातदारांना ही वाट आयतीच मिळाली. मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये, प्रदर्शनात खांबावर ब्लूटूथने फाइली धाडणारी पेटी लावायची आणि शेजारी ‘ब्लूटूथ चालू ठेवा’ असा फलक टांगायचा.

पेटीत छोटा संगणक आणि ब्लूटूथ डोंगल असे. आसपासचे सगळे फोन हुडकायला तिला दहा सेकंद लागत आणि फोनचा पल्ला जेमतेम दहा मीटर. चालता माणूस तेवढ्यात पुढे निघून जाई. शिवाय एका डोंगलला एका वेळी सातच फोन जोडता येत. म्हणून पेटी जिथे रांग तुंबते तिथे लागे, तिकीट खिडकीजवळ किंवा खाण्याच्या स्टॉलपाशी. फोन सापडला की ‘संदेश स्वीकारायचा का?’ असा प्रश्न पडद्यावर येई. हो म्हटलं की फाईल इनबॉक्समध्ये पडे, मग ती उघडून आणखी दोन-तीनदा हो म्हणत अ‍ॅप बसवायचं.

वाद पेटला तो या पहिल्या प्रश्नावरून. ब्लूटूथ चालू ठेवलं, म्हणजे माणसाने परवानगी दिली का? पेटीवाल्यांचं म्हणणं, आम्ही विचारतोच की. पण बऱ्याच फोनांत ब्लूटूथ चालू केलं की फोन आपोआप सगळ्यांना दिसू लागे. कानातल्या हेडसेटसाठी ब्लूटूथ लावणाऱ्याने जाहिरात मागितलेली नसते. नकाराचा तिढा तर आणखी अवघड. एकदा नाही म्हणणाऱ्याला पुन्हा छेडायचं नाही, तर पेटीने त्याच्या फोनचा पत्ता नोंदवून ठेवायला हवा. ज्याने नाही म्हटलं, त्याचीच नोंद राहणार.

ब्रिटनमधल्या नियामकाने आधी अशा संदेशांना एसएमएससारखीच पूर्वसंमती लागेल अशी भूमिका घेतली आणि २००७ मध्ये ती फिरवली. कारण हे की ब्लूटूथ सार्वजनिक दूरसंचार जाळ्यातून जात नाही. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबर असेल, पण रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने ते चुकीचंच होतं. त्याचा फोन वाजला, त्याला थांबून उत्तर द्यावं लागलं. संदेश कुठल्या वाटेने आला याने त्याला काय फरक पडतो? आपल्याकडे २०११ मध्ये नकोशा जाहिरातींवर कडक नियम आले तेही कॉल आणि एसएमएसपुरते. खांबावरची पेटी दोन्हीकडे मोकळीच राहिली.

तिला धक्का दिला व्हायरसने. २००४ मध्ये ब्लूटूथवरून पसरणारा कॅबिर आला, आणि २००५ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भरल्या स्टेडियममध्ये तो फोनाफोनांत फिरला. अनोळखी फाईल घेऊ नका, हा सल्ला तेव्हापासून रुजला.

पुढचं भराभर घडलं. आयफोनवर २००८ पासून अ‍ॅप फक्त स्टोअरमधून मिळू लागलं. अँड्रॉइडचे फोन ब्लूटूथवर एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाईल, सहसा घेत नसत. पोरं फाईलचं नाव बदलून पाठवायची. मग शेअरइट या फाइली धाडणाऱ्या अ‍ॅपने वायफायवरून हे काम काही सेकंदांवर आणलं, पण २०२० च्या जूनमध्ये भारतात त्यावर बंदी आली. तोवर २०१६ नंतरच्या स्वस्त डेटाने फोनाफोनांतल्या देवाणघेवाणीची निकड संपवलीच होती. जवळच्या दुकानाची किंवा कार्यक्रमाची सूचना न मागता दाखवणारी अँड्रॉइडची सोय २०१८ च्या अखेरीस बंद झाली, कारण तीत स्पॅमचा सुळसुळाट झाला होता. माणसाला न विचारता त्याच्या फोनवर टकटक करण्याची ती तीच जुनी खोड.

गणपतीत लालबागच्या गर्दीत नेटवर्क कोलमडलं की क्यूआर कोड निरुपयोगी ठरतो. तेव्हा मंडपातच स्थानिक वायफायवर एपीके ठेवण्याची कल्पना पुढे येते. तांत्रिकदृष्ट्या ती सोपी आहे. पण ई-चलन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडत असताना हजारो भाविकांना ‘अनोळखी स्रोत’ला, म्हणजे स्टोअरबाहेरचं अ‍ॅप बसवू देण्याला, हो म्हणायला शिकवणं धोक्याचं आहे. कोणत्याही आयोजकाने ते करू नये.

पेटीच्या काळातला मूळ प्रश्न नियामकांनी अर्धवटच सोडला. त्याला हात घातला तो फोन बनवणाऱ्यांनीच. डिसेंबर २०२२ पासून आयफोनवर एअरड्रॉपसाठी (जवळच्या फोनला फाईल धाडण्याची सोय) ‘सगळ्यांना’ दिसण्याची मुभा दहा मिनिटांत आपोआप बंद होते.