थिएटर गेम्स

थिएटर गेम्स (नाट्यखेळ) : चारचौघांत बोलायला, हातपाय मोकळे सोडायला बुजणाऱ्या माणसाचा संकोच खेळात गुंतवून सैल करण्याची पद्धत. ती अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी घडवली. नटांच्या तालमीत ती पुढे सर्वत्र गेली आणि मराठी नाट्यशिबिरांतही रुळली, पण तिचा जन्म नाटकमंडळीत झालेला नाही.

शिकागोत जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेले हल हाउस हे स्थलांतरितांच्या वस्तीतले समाजकेंद्र होते. तेथे नेवा बॉइड पारंपरिक खेळ, लोकनृत्ये आणि गोष्टी यांच्या आधारे गटाला एकत्र आणण्याचे शिक्षण देत. स्पोलिन १९२४ ते १९२७ या काळात त्यांच्या हाताखाली शिकल्या. मंदीच्या वर्षांत सरकारी रोजगार योजनेच्या करमणूक विभागात त्या नाट्यपर्यवेक्षक झाल्या (१९३९–४१), तेव्हा समोर येत ती वेगवेगळ्या देशांतून आलेली मुले आणि मोठी माणसे. अभिनयावर व्याख्यान देऊन भागण्यासारखे नव्हते. म्हणून जी अडचण येईल तिच्यावर त्या एखादा खेळ रचत. असे दोनशेहून अधिक खेळ ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ (१९६३) या पुस्तकात आहेत.

पद्धतीचे मर्म पहिल्याच खेळात कळते. गटाचे दोन भाग करतात. अर्धे जण समोर रांगेत उभे राहतात, उरलेले बसून त्यांच्याकडे पाहतात. करायचे काहीच नसते. थोड्याच वेळात कोणी फिदीफिदी हसते, कोणी या पायावरून त्या पायावर भार टाकते, हातांचे काय करावे ते कोणालाच सुचत नाही. हे अवघडलेपण चांगले मुरू दिल्यावर शिक्षक सांगतो : जमिनीच्या फळ्या मोजा, नाहीतर खुर्च्या मोजा. मोजणी सुरू होते आणि खांदे आपोआप खाली येतात. पाहणारे तेच, त्यांच्या नजराही त्याच. फक्त लक्ष स्वतःवरून फळ्यांवर गेलेले. मग दोन्ही गट जागा बदलतात आणि उभे असताना अंगात काय काय होत होते ते बोलून घेतात. ‘घाबरू नका, मोकळे व्हा’ असे दहादा सांगून जे होत नाही ते येथे एका क्षुल्लक कामाने होते. उलट मोकळे व्हा म्हटले की भिडस्त माणूस आणखीच आक्रसतो, हा शिबिरे घेणाऱ्या कोणाचाही अनुभव.

बाकीचे खेळ याच तत्त्वावर उभे आहेत. आरशाच्या खेळात एक जण हालचाल करतो, समोरचा त्याचे प्रतिबिंब होतो. अदलाबदल वाढत गेली की कोण कोणाच्या मागे जात आहे तेच कळेनासे होते. निरर्थक भाषेच्या खेळात अर्थ नसलेल्या आवाजांतून काहीतरी विकायचे किंवा समजावायचे असते. चुकायला व्याकरणच नसल्यामुळे बोलायला कचरणाऱ्यांना हा खेळ विशेष मानवतो. खेळ चालू असताना शिक्षक बाजूने छोट्या सूचना देत राहतो, खेळ थांबवत नाही.

स्पोलिन यांच्या मते संकोचाचे मूळ शाबासकी आणि नापसंती या दोन्हींत आहे. टीका माणसाला बुजवते हे सगळेच मान्य करतात. कौतुकही तेच करते, हे पचायला जड जाते. शिबिरात ‘वा, छान!’ म्हणण्याची सवय असलेल्यांना तर फारच. पण एकाला छान म्हटले की पुढचा त्या ‘छान’साठी खेळू लागतो.

ही मनोपचाराची पद्धत नव्हे. याकोब मोरेनो यांच्या सायकोड्रामात माणसाचे स्वतःचे आयुष्यच रंगमंचावर येते. येथे कोणाला आपले दुःख उघड करावे लागत नाही. स्पोलिन यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी शिकागोत १९५५ मध्ये कंपास प्लेयर्स आणि १९५९ मध्ये सेकंड सिटी या मंडळ्या उभ्या करताना हेच खेळ वापरले आणि त्यातून अमेरिकेतली उत्स्फूर्त विनोदाची परंपरा वाढली.

खेळ संपल्यावरची चर्चाही याच शिस्तीत चालते. नसलेल्या दोरीने रस्सीखेच खेळून झाली की पाहणाऱ्यांना ‘कोणी चांगले केले?’ असे विचारत नाहीत. प्रश्न एवढाच असतो : दोरी दोघांच्या मध्ये होती, की त्यांच्या डोक्यात?