पाणीगळतीचा सेन्सर वाजला की आधी फडकं घेऊ नका

"सेन्सर वाजला होता, पाणी पुसून घेतलं, आता सगळं कोरडं आहे. कधी येता?" असे फोन गळती शोधून दुरुस्त करणाऱ्या आम्हाला वारंवार येतात. आमचा माणूस येतो, सिंकखाली बॅटरी मारतो, सांधे चाचपतो, पण कोरड्या फरशीवर त्याला काहीच सापडत नाही. मग दुसरी फेरी होते, कधी तिसरीही. त्यात तुमची सुट्टी जाते आणि भेटीचे पैसेही पडतात. हे टाळता येतं, म्हणून हे पत्रक.

सेन्सरच्या तळाला धातूच्या दोन टिकल्या असतात. दोन्हींना एकदम पाणी लागलं की तो वाजतो. त्याचं काम एवढंच. भिंतीत मुरणारी किंवा खालच्यांच्या छताला आलेली ओल त्याला कळत नाही. म्हणून तो सपाट आणि पाणी वाहून जिथे साचेल अशाच जागी ठेवावा: सिंकखाली प्युरिफायरजवळ, वॉशिंग मशीनच्या मागे, बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर. कपाटाच्या फळीवर ठेवलेले सेन्सर आम्ही पाहिले आहेत; खाली तळं झालं तरी ते गप्प राहतात.

आता तो वाजल्यावर काय करायचं ते. आधी त्या लाइनचा कॉक बंद करा. पाणी विजेच्या बोर्डाजवळ किंवा मशीनच्या प्लगपाशी गेलं असेल तर पाण्यात पाय न घालता मेन स्विच पाडा. मग मोबाइलवर दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून. पाणी गार आहे की कोमट, स्वच्छ की साबणाचं, हे हाताने पाहा. त्या वेळी घरात काय चालू होतं, तेही लक्षात ठेवा. पुसायचं त्यानंतर.

ही दोन मिनिटं आमचा तासभर वाचवतात. साबणाचं पाणी असेल तर आम्ही थेट सांडपाण्याचा पाइप पाहतो. कोमट असेल तर बहुधा गिझरची लाइन. नळ बंद असूनही स्वच्छ पाणी येतच राहत असेल तर दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या, पाइपातली गळती, आणि ती थांबवायची घाई हवी. मिनिटाला ५० मिली, म्हणजे छोटा अर्धा कप, एवढी धार दिवसाला ७२ लिटर होते.

गळती कुठे आहे ते कळल्याशिवाय आम्ही फरशी फोडत नाही. "फोडा एकदाची" असं काही ग्राहक चिडून म्हणतात. पण त्याच रंगाची लादी पुन्हा मिळत नाही, आणि चुकीच्या जागी फोडलं तर दुरुस्ती दोनदा करावी लागते. भेटीचे पैसे आम्ही या शोधाचे घेतो. काम आमच्याकडेच दिलंत तर ते बिलातून वजा होतात.

गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्वमधून पडणारे थेंब म्हणजे गळती नव्हे. तो व्हॉल्व कधीही बुजवू नका. फ्लशच्या टाकीत मात्र खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटं थांबा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळते आहे.

आमच्या अनुभवात सगळ्यात मोठं नुकसान पाइप फुटून होत नाही. पाणी गेलेलं असताना कोणीतरी नळ उघडून पाहतं, तो तसाच राहतो, घरातले बाहेर पडतात आणि दुपारी पाणी येतं. सिंकमध्ये भांडी असली की जाळी तुंबते, मग पाणी ओट्यावरून हॉलपर्यंत. सुट्टीत गावी जाताना कॉक बंद करूनच निघा. सेन्सर वाय-फायचा असेल तर वीज गेल्यावर राउटर बंद पडतो आणि फोनवर संदेश येत नाही, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. महिन्यातून एकदा ओल्या बोटाने दोन्ही टिकल्यांना स्पर्श करून सेन्सर वाजतो का पाहा.

बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या लाइनी वेगळ्या असतात, कॉकही वेगळे, काही थेट गच्चीवर. तुमचा कोणता, हे गळती सुरू झाल्यावर शोधू नका. तीन महिन्यांतून एकदा ते फिरवून पाहा, नाहीतर जाम होतात. पावसाळ्याआधीच्या वार्षिक तपासणीत आम्ही प्रत्येक कॉकला नाव लिहिलेली पट्टी बांधतो, मशीनचा इनलेट पाइप आणि गिझरचे कनेक्शन पाइप पाहतो, सेन्सरच्या जागा ठरवून देतो. सेन्सर आमच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही. दुसरीकडचा असला तरी तपासणीत बसवून देऊ.

फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लागणारा वॉशर किंवा पाइप आमचा माणूस येतानाच घेऊन येईल.