स्मशानातून आलेला कितारो

‘गेगेगे नो कितारो’ या जपानी कार्टूनची कुठलीही मालिका लावा. डाव्या डोळ्यावर केसांची झुलपं, अंगात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची बंडी आणि पायात लाकडी खडावा घातलेला एक पोरगा दिसतो. माणसांना छळणाऱ्या भुताखेतांशी तो लढतो. कधी डोक्यावरचे केस सुयांसारखे सोडतो, तर कधी पायातली खडाव भिरकावतो. त्याचा बाप म्हणजे हातपाय फुटलेला एक डोळा आणि बापाची हौस काय, तर वाटीतल्या गरम पाण्यात डुंबायचं! १९६८ पासून जपानी मुलांच्या पिढ्या या बापलेकांवर वाढल्या. मूळचा कितारो मात्र कुणाचा तारणहार वगैरे नव्हता.

त्याचं मूळ एका जुन्या लोककथेत आहे. गरोदर बाई मरते, तिला पुरतात. मग रोज रात्री एक फिकुटलेली बाई दुकानात येऊन खाऊच्या गोळ्या विकत घेऊ लागते. दुकानदार तिच्या मागे जातो, तर कबरीतून तान्ह्याचं रडणं ऐकू येतं. क्योतोत या कथेच्या नावाने गोळ्या विकणारं दुकान आजही आहे. १९३०च्या दशकात इतो मासामी यांनी यावरून ‘हाकाबा कितारो’, म्हणजे स्मशानातला कितारो, हा कामिशिबाइचा खेळ रचला. सायकलवर लाकडी चौकट लावायची, एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची आणि जमलेल्या पोरांना खाऊ विकून पोट भरायचं, असा तो गल्लीतला धंदा.

युद्धानंतर कोबे शहरात याच धंद्यासाठी चित्रं काढणाऱ्या एका तरुणाला १९५४ मध्ये नवा कितारो करायला सांगितलं गेलं. तो तरुण म्हणजे मिझुकी शिगेरू. तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावी तो वाढला. शेजारची नोन्नोन्बा नावाची म्हातारी त्याला भुतांच्या गोष्टी सांगायची, देवळात नेऊन नरकाची चित्रं दाखवायची. पुढे सैन्यात भरती होऊन तो न्यू ब्रिटन बेटावर गेला. तिथे त्याच्या तुकडीचा जवळजवळ सफाया झाला, मलेरियाने त्याला गाठलं आणि बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. तिथल्याच जंगलात रात्री वाटेत न दिसणारी भिंत आडवी आली, पुढे पाऊलच पडेना, असं तो नंतर सांगत असे. हीच नुरिकाबे. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी फुकुओकाकडची अशी समजूत नोंदवली होती: भिंतीच्या वरच्या बाजूला मारून उपयोग नाही, काठीने खाली झटका द्या, नाहीशी होते. त्या नोंदीत चित्र नव्हतं. मिझुकीने तिला डोळे, हातपाय दिले आणि कितारोच्या टोळीत बसवलं. आज जपानी मुलाला नुरिकाबे काढायला सांगा, तो मिझुकीचीच काढेल.

टीव्हीच्या लाटेत कामिशिबाइ बुडालं, तसा मिझुकी तोक्योत जाऊन भाड्याने वाचायला मिळणाऱ्या स्वस्त चित्रपुस्तकांकडे वळला. १९६०ची तिथली पहिली कितारोकथा माझ्या मते आजही सगळ्यांत अंगावर येणारी. रक्तपेढीतल्या रक्तात काहीतरी विचित्र सापडतं, म्हणून तिथला एक कारकून माग काढत निघतो. भूतवंशातलं शेवटचं जोडपं रोगाने जर्जर झालेलं असतं आणि पैशांसाठी बायकोने आपलं रक्त विकलेलं असतं. दोघं मरतात, बापाचा तेवढा तो डोळा मागे उरतो. पुरलेल्या आईच्या कबरीतून पोर बाहेर सरपटतं. घाबरलेला कारकून त्याला दूर फेकतो. पोर थडग्यावर आदळतं आणि त्याचा डावा डोळा जातो. आपण ज्याला केशरचना समजतो, तिच्याखाली हे आहे. भूत गरिबीने मरतं, ही कल्पना युद्धोत्तर जपानातच सुचू शकते.

१९६५ मध्ये कितारो ‘शोनेन मॅगझिन’ या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकात आला. टीव्हीवर नेण्याची वेळ आली, तेव्हा शीर्षकातलं स्मशान जाहिरातदारांना खपेना. मग ‘गेगेगे’ आलं. लहानपणी शिगेरूला आपलं नाव नीट उच्चारता येत नसे, म्हणून पडलेल्या ‘गेगे’ या टोपणनावावरून. ३ जानेवारी १९६८ ला तोएइ या कार्टून कंपनीची कृष्णधवल मालिका सुरू झाली आणि कितारो माणसांचा कैवारी झाला. त्याला आवाज दिला नोझावा मासाको यांनी, पुढे ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा आवाज झालेल्या त्याच. २०१८ च्या सहाव्या मालिकेत त्या कितारोचा बाप झाल्या! त्या मालिकेची सुरुवात गर्दीतली माणसं एकाएकी झाडं होण्याने होते आणि आजूबाजूचे लोक मदतीला धावण्याऐवजी फोन काढतात.

पुसलेलं स्मशान अधूनमधून परत येतंच. २००८ मध्ये ‘हाकाबा कितारो’ हे जुनं नाव घेऊन अकरा भागांची मालिका आली. मोठ्यांसाठी, रात्री उशिरा दाखवलेली. त्यातला कितारो कुणाचं भलं करायला बांधलेला नाही. मिझुकी २०१५ मध्ये वारला. २०२३ च्या चित्रपटात पुन्हा तोच रक्तपेढीतला कारकून नायक आहे. साल १९५६, त्याचं नाव मिझुकी आणि तो युद्धावरून परतलेला शिपाई आहे.