हलक्या ओएसची बीटा: काय काढलंय ते आधी बघा

२०१९ च्या सप्टेंबरमधे लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या (ओएसच्या) मुख्य भागाचं, ५.३ व्हर्जन रिलीजच्या तोंडावर होतं आणि टेस्टिंगमधे एक विचित्र प्रकार समोर आला. बूट होताना मशीन अर्ध्यात थांबायचं, एरर नाही काही नाही, नुसतं थांबायचं. शोधत शोधत मूळ सापडलं ते फाइलसिस्टमच्या कोडमधल्या एका चांगल्या सुधारणेत. डिस्ककडे जाणाऱ्या छोट्या छोट्या रिक्वेस्ट आता एकत्र जात होत्या, त्यामुळे डिस्कचे हेलपाटे कमी झाले आणि इंटरप्टही (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका) कमी झाले. आता गंमत अशी की रँडम आकडे बनवायला जी अनिश्चितता लागते ती कर्नल याच इंटरप्टच्या वेळांमधून गोळा करत होता. इंटरप्ट कमी म्हणजे अनिश्चितता कमी, आणि लॉगिन स्क्रीनच्या प्रोग्रामला रँडम आकडे हवे होते म्हणून तो बिचारा वाट बघत बसला. असं अडकलेलं मशीन कीबोर्डची चार बटणं दाबली की पुढे सरकतं, कारण बटण दाबलं तरी इंटरप्ट येतो! लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने ती सुधारणा रिलीजआधी मागे घेतली, आणि नंतर ५.४ मधे प्रोसेसरच्या टायमिंगमधल्या बारीक फरकांतून कर्नल स्वतःच अनिश्चितता बनवेल अशी सोय केली.

हलक्या, म्हणजे कमी रॅममधे आणि कमी जागेत चालणाऱ्या, ओएसची बीटा (पक्क्या व्हर्जनआधी तपासायला दिलेली आवृत्ती) हातात घेतली की हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात भेटत राहते. कोणीतरी काहीतरी काढून टाकलं किंवा वेगवान केलं, आणि त्यावर दुसरंच कुणीतरी गुपचूप टेकून बसलेलं होतं. म्हणून माझं मत असं की अशी ओएस बिघडली तर "काय चुकीचं लिहिलंय" याआधी "काय काढलंय" हे विचारावं, उत्तर बऱ्याचदा लवकर मिळतं.

हलकी म्हणजे किती हलकी, तर टायनी कोअर लिनक्सचा गाभा वीस एमबीच्या आसपास आहे. पपी लिनक्स २००३ पासून आहे आणि ती पूर्णच्या पूर्ण रॅममधे चढून चालते. हायकू तर लिनक्सही नाही, बीओएस या जुन्या ओएसच्या धर्तीवर २००१ मधे सुरू झालेला वेगळाच प्रकल्प, आणि त्याची पहिली बीटा यायला २०१८ उजाडलं, म्हणजे बीटा हा शब्द घाईचा असतोच असं नाही.

काढण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अल्पाइन लिनक्सचं. तिथे नेहमीच्या ग्लिबसीऐवजी ‘मसल’ नावाची छोटी लायब्ररी असते, म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रामना लागणाऱ्या नेहमीच्या कामांचा तयार कोड. बहुतेक लिनक्सवर प्रोग्रामच्या प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) साधारण ८ एमबीचा स्टॅक (कामापुरती मेमरी) मिळतो, मसलमधे काही सांगितलं नाही तर १२८ केबी. बहुतेक प्रोग्रामना तेवढा पुरतो, पण स्वतःलाच खोलवर कॉल करत जाणारा एखादा प्रोग्राम इथे धाडकन कोसळतो आणि दुसरीकडे तोच प्रोग्राम वर्षानुवर्षं मजेत चालत असतो. किंवा डीएनएस बघा, वेबसाइटचा पत्ता विचारल्यावर उत्तर खूप मोठं असेल तर ते टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने परत मागवायचं असतं, ही सोय मसलमधे २०२३ च्या १.२.४ व्हर्जनपर्यंत नव्हतीच. मग काय व्हायचं, बाकी सगळं इंटरनेट चालू आणि मोजक्याच साइट बंद, आणि माणूस राउटरला शिव्या देतोय. वाय-फायचंही तेच, नेटवर्क कार्डांना जी फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) लागते ती सगळी भरली तर शेकडो एमबी होतात, म्हणून हलक्या ओएसमधे त्यातली निवडकच असते, तेव्हा वाय-फाय दिसत नसेल तर ड्रायव्हर खराब आहे असं ठरवण्याआधी लॉगमधे (ओएसच्या नोंदवहीत) फर्मवेअर सापडली नाही अशी ओळ आहे का ते बघायचं.

आता प्रत्यक्ष तपासणी. आयएसओ फाइल (ओएसची अख्खी प्रत) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळतो का हे बघणं कंटाळवाणं आहे पण ते करायचंच, अर्धवट उतरलेल्या फाइलचे बग शोधण्याइतकं वाया जाणारं काम दुसरं नाही.

मग बूट. कॉम्प्युटर चालू होणं ही एक रिले शर्यत असते, मदरबोर्डवरचं फर्मवेअर बूटलोडरला हाक देतं, बूटलोडर कर्नलला रॅममधे आणतो, कर्नल एका छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टमच्या मदतीने खरी फाइलसिस्टम शोधतो, मग पहिला प्रोग्राम सुरू होतो आणि सगळ्यात शेवटी डेस्कटॉप. "बूट होत नाही" या तक्रारीला तसा काही अर्थ नाही, यातला कोण कुणाला हाक देऊन गप्प झाला एवढं कळलं की अर्धं काम झालं. बूटलोडरचा मेनू आला का? आला तर तिथे कर्नलच्या ओळीतला ‘क्वाएट’ हा शब्द काढा, म्हणजे स्क्रीनवर मजकूर वाहायला लागेल आणि शेवटची ओळ कोणती ते दिसेल. स्क्रीन काळी पडली तर कॅप्स लॉक दाबून बघा, दाबण्यासरशी दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि बहुधा ग्राफिक्सचीच भानगड आहे, मग ‘नोमोडसेट’ लिहून बूट केलं की कर्नल ग्राफिक्स कार्डात ढवळाढवळ करत नाही आणि साधं चित्र तरी येतं. त्याने चालली तर बग दुरुस्त झाला असं नाही हं, फक्त बग कुठल्या घरात राहतो ते कळलं.

रूट (मुख्य) फाइलसिस्टम माउंट करता, म्हणजे जोडता येत नाही असं म्हणून कर्नल पॅनिक झाला (हात टेकून थांबला) तर बहुतेक जण डिस्क खराब झाली समजतात. पेनड्राइव्हवरून चालवताना मात्र एक वेगळीच शक्यता असते, पेनड्राइव्हला स्वतःची ओळख द्यायला एखाद-दोन सेकंद लागतात आणि हलकी ओएस तेवढ्यात तिथे पोचून "इथे तर काही नाही" म्हणून मोकळी होते. ‘रूटवेट’ हा पर्याय दिला की ती थांबते. म्हणजे परत तेच, वेगाचा बग.

मेमरीबद्दल जरा जास्त बोलावं लागेल, कारण हलकी ओएस लोक त्यासाठीच घेतात आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही, डिस्कवरचं वाचलेलं तिथे साठवून ठेवतो आणि गरज पडली की सोडतो, त्यामुळे ‘फ्री’ आकडा छोटा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, ‘अव्हेलेबल’ आकडा बघायचा, तो कर्नल २०१४ पासून स्वतः देतो. पण लाइव्ह चालणाऱ्या ओएसमधे एक फसवी जागा आहे. तिथे "डिस्क"सुद्धा रॅममधेच असते! ब्राउझरने कॅशे म्हणून जी फाइल लिहिली ती रॅममधे, तुम्ही डाउनलोड केलेला व्हिडिओ रॅममधे, आणि ही रॅम वर सांगितलेल्या साठ्यासारखी गरज पडली की सुटत नाही. मग काही वेळाने ब्राउझर आपोआप बंद पडतो, रिपोर्ट जातो "ब्राउझर क्रॅश होतो", आणि कर्नलच्या लॉगमधे शांतपणे लिहिलेलं असतं की मेमरी संपली म्हणून सगळ्यात जाड्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) मारलं. जुनं मशीन हाताशी नसेल तर नव्या मशीनवर कर्नलला ‘मेम=५१२एम’ सांगा, तो फक्त ५१२ एमबीत संसार करेल आणि असे बग लगेच वर येतात. व्हर्च्युअल मशीनमधेही (कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या नकली कॉम्प्युटरमधेही) हे करता येतं, पण तिथलं हार्डवेअर इतकं गुणी असतं की वाय-फाय, स्लीप आणि ग्राफिक्सबद्दल त्यावरून काहीच ठरवू नये.

पपीसारख्या ओएसमधे आणखी एक भूत असतं, सेव्ह फाइल. मागच्या व्हर्जनमधे केलेल्या सेटिंग त्या फाइलमधून नव्या बीटाच्या वर पसरल्या जातात आणि मग जुन्या सेटिंगचा दोष नव्या बीटाच्या नावावर जमा होतो. ‘पीफिक्स=रॅम’ देऊन सेव्ह फाइलशिवाय बूट करा, बग गेला तर तो बीटाचा नव्हताच.

आणि घड्याळ! हलकी ओएस जुन्या मशीनवर जाते, जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली असते, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि साइटचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) भविष्यातलं दिसल्यामुळे ब्राउझर आणि पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम बसवणारं साधन) दोघंही सुरक्षित कनेक्शन नाकारतात. वरवर बघता नेटवर्कचा बग वाटतो, तारीख दुरुस्त केली की गायब.

एवढं करूनही टिकून राहिला तो खरा बग. मागच्या बीटात नव्हता आणि या बीटात आहे असं असेल तर फारच छान, कारण मग गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममधलं ‘गिट बायसेक्ट’ वापरता येतं. मधोमधचा बदल तपासायचा, बग आहे की नाही सांगायचं, अर्धे बदल बाद, परत मधोमध. हजार बदल असतील तर साधारण दहा तपासण्यांत गुन्हेगार हाती लागतो, दहा हजार असतील तर चौदा. लिनक्स कर्नलच्या एका व्हर्जनमधे दहा हजारांहून जास्त बदल येतात, त्यामुळे हे गणित नसतं तर अवघडच होतं सगळं.

रिपोर्ट लिहिताना लॉग आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, रॅममधे चालणारी ओएस बंद केली की लॉगही गेला. बग कधीकधीच येत असेल तर दहापैकी किती वेळा आला ते लिहा. सगळे मेसेज चालू केल्यावर बग येईनासा झाला तर तेही आवर्जून लिहा, कारण मेसेज छापण्यात वेळ जातो आणि तेवढ्या उशिराने बग लपत असेल तर दोन गोष्टींची आपसात शर्यत चालू आहे हे डेव्हलपरला न सांगताच कळतं. आणि पुढची बीटा आली की त्याच मशीनवर त्याच पायऱ्यांनी परत तपासा, पण त्याआधी बूटच्या ओळीत आपणच घातलेलं ‘नोमोडसेट’ किंवा ‘रूटवेट’ काढलंय ना एवढं बघा, ते तसंच राहिलं तर न सुटलेला बग सुटला म्हणून बंद केला जातो.