ट्यूबने खाज गेली, बुरशी राहिली

बाजाराच्या गावातल्या मेडिकलवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की पुष्कळदा चिठ्ठी न मागता ट्यूब हातात पडते. ज्या बाईला जांघेत, लघवीच्या जागेभोवती खाज आहे, ती स्वतः जात नाही. नवऱ्याला पाठवते, आणि खाज नेमकी कुठे आहे ते तोही सांगत नाही. दोन दिवसांत आराम पडतो, लावणं थांबतं, आणि थोड्याच दिवसांत खाज परत येते, आधीपेक्षा पसरलेली. मग ‘अंगात उष्णता आहे’, ‘बाहेरचं आहे’ सुरू होतं. बाहेरचं काही नसतं. अशा अनेक ट्यूबांच्या पाठीवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल लिहिलेलं असतं, खोड तिथे आहे.

क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड. ते कातडीच्या पेशीत शिरून एका रिसेप्टरला, म्हणजे औषध पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते आणि सूज आणणारी प्रथिनं बनवणारी जनुकं बंद पाडते. एनएफ-कप्पा-बी नावाचा जो घटक ही जनुकं चालू करतो, त्यालाही अडवते. इंटरल्यूकिनं, म्हणजे सूज आणणारी हीच प्रथिनं, तयार होत नाहीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे वळत नाहीत. लाली उतरते, खाज थांबते. पण लाली आणि खाज ही तर बुरशीशी लढणाऱ्या शरीराची खूण होती! गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन नावाचं कडक प्रथिन विरघळवून त्यावर जगते आणि तिचं काम चालूच असतं. जागलीवरच्या माणसाला झोपवलं की रानडुकरांना हरभऱ्याचं वावर मोकळं, तसंच हे. ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असतं, पण ते आठवडेच्या आठवडे लावावं लागतं. आराम पडल्यावर कोण लावतं?

त्यात गजकर्णाची ती ओळखीची गोल कडा पुसली जाते, डॉक्टरही चकतात. महिनोन्‌महिने लावलं तर कातडीला बळ देणारं कोलॅजन घटून ती पातळ होते, आणि खाजेच्या जोडीला आग सुरू होते. जांघेत ओल आणि घर्षण, त्यामुळे औषध तिथे जास्त मुरतं. रोवणीच्या दिवसांत ओलं लुगडं दिवसभर अंगावर असलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. २०१८ साली स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात.

पण क्लोबेटासॉल वाईट, असंही नाही. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या आजारात, विशेषतः पाळी गेल्यावर, तिथली कातडी पांढरी, पातळ, सुरकुतलेली होते आणि रात्री झोप लागू न देणारी खाज सुटते. घरचे त्याला कोड समजतात. या आजाराचं पहिलं औषध क्लोबेटासॉलच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत. एकीला जे औषध, तेच दुसरीला घात. तिसरीची खाज कॅन्डिडा नावाच्या दुसऱ्याच बुरशीची असते आणि मागे न सापडलेला मधुमेह असतो. चौथीची साबणाची किंवा जाहिरातीतल्या ‘इंटिमेट वॉश’ची असते. योनीचा सामू साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आम्ल. अंगाच्या साबणाचा ९-१०. आतून धुण्याची गरजच नाही, ते काम तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू करतात.

म्हणून आधी तपासणी. कातडीचा खरवडलेला कोंडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. केराटिन विरघळतं आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. खर्चिक काही नाही. अडचण आहे ती तपासणीच्या टेबलापर्यंत पोचण्याची. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांना तपासलं, तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

दवाखान्यात जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. आशाताईला सोबत घ्यावं. रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर डॉक्टर कातडीचा छोटा तुकडा काढायचं म्हणाले तरी नाही म्हणू नये. जागा बधिर करूनच तो काढतात. लायकेन स्क्लेरोससमध्ये थोड्या जणींना पुढे कर्करोग होतो, म्हणून खाज थांबली तरी दरवर्षी दाखवायला जावं लागतं.